विद्यार्थ्याची साक्ष

"सर, नॉर्मल म्हणजे स्तंभिका हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. मला दोन महिने वाटत होतं की नॉर्मल रिअ‍ॅक्शन म्हणजे नेहमीची, साधी प्रतिक्रिया."

वहीचं पान अर्धं फाडून, निळ्या शाईत, नाव न घालता लिहिलेली ही चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. एफवाय बीएस्सीला मेकॅनिक्स शिकवून तेव्हा मला बारा वर्षं झाली होती. उतरणीवरचा ठोकळा, त्याचं वजन आणि पृष्ठभागाने त्यावर लंब दिशेने लावलेलं बल ही आकृती मी डोळे मिटून काढली असती. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली असतात. प्रकाशाच्या परावर्तनात आपाती किरण, परावर्तित किरण, स्तंभिका हे शब्द त्यांनी घोटून पाठ केलेले असतात. पृष्ठभागाला लंब असलेल्या त्याच रेषेला इंग्रजीत नॉर्मल म्हणतात, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. बारा वर्षांत ते अर्धं मिनिट मी दिलं नाही, कारण तिथे काही अडतंय हेच मला ठाऊक नव्हतं. ते ज्याचं अडलं होतं त्यालाच ठाऊक होतं.

'फीडबॅक' हा शब्द आता प्रत्येक महाविद्यालयात रोज कानावर पडतो आणि त्याविषयी दोन मतं छातीठोकपणे मांडली जातात. स्टाफरूममधलं मत असं, की पोरांना काय कळतंय? कार्यालयातलं मत असं, की पोरांनी दिलेला आकडा हाच शिक्षकाचा दर्जा. दोन्ही मतं मला अमान्य आहेत, आणि दोन्हींची चूक एकाच जागी आहे. दोघांनीही विद्यार्थ्याला न्यायाधीश मानलं आहे. एकाला तो त्या खुर्चीवर नको आहे, दुसऱ्याला हवा आहे. माझं म्हणणं आहे की विद्यार्थी साक्षीदार आहे. आपलं समजणं कोणत्या तासाला, कोणत्या शब्दापाशी थांबलं हे त्याच्याखेरीज कोणीही सांगू शकत नाही. साक्षीदाराकडून निकाल मागायचा नसतो आणि त्याला कोर्टाबाहेरही काढायचं नसतं.

स्टाफरूममधल्या मताला मी हलकं लेखत नाही. माझे सहकारी विचारतात, ज्याला विषयच यायचा आहे तो शिकवणं बरं की वाईट हे कशावरून ठरवणार? तयार नोट्स देणारा, पेपरात येणारे प्रश्न सुचवणारा शिक्षक मुलांना आवडतो आणि डोकं चालवायला लावणारा नकोसा होतो. या शंकेला पुरावाही आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, वाटणी नशिबाने होते. तिथल्या माहितीवरून कॅरल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवलं की, पहिल्या वर्षाच्या गणितात ज्या शिक्षकांना विद्यार्थ्यांनी वाखाणलं त्यांचे विद्यार्थी पुढच्या अवघड अभ्यासक्रमांत सरासरीने मागे पडले. हार्वर्ड विद्यापीठातला २०१९ सालचा प्रयोग तर थेट आमच्या विषयातला आहे. भौतिकशास्त्राच्या एका वर्गाला सफाईदार व्याख्यान दिलं, दुसऱ्याला तोच भाग गटागटाने स्वतः सोडवायला लावला. चाचणीत दुसरा वर्ग पुढे होता. आपण जास्त शिकलो असं मात्र पहिल्या वर्गाला वाटत होतं.

हे सगळं मला मान्य आहे. पण या विद्यार्थ्यांना विचारलं काय होतं? शिक्षक कसा वाटला, शिकल्यासारखं वाटलं का. दोन्ही प्रश्न निकालाचे आहेत आणि तो देण्याची तयारी विद्यार्थ्याजवळ नसते. कोणतं औषध द्यायचं हे रोग्याने ठरवू नये हे खरं. म्हणून कुठे दुखतंय हेही त्याला विचारायचं नाही, असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाऊ का? या अभ्यासांतून प्रश्न चुकीचा ठरतो, विद्यार्थी निरुपयोगी ठरत नाही.

एरिक मझूर यांची हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. १९८४ पासून ते हार्वर्डमध्ये प्रास्ताविक भौतिकशास्त्र शिकवत होते, मुलांचे अभिप्राय उत्तम होते, मुलं अवघड गणितंही सोडवत होती. १९९० साली हलून आणि हेस्टेनिस यांचे लेख त्यांच्या वाचनात आले. साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांवर अमेरिकेतले विद्यार्थी कसे अडखळतात हे त्यांत दाखवलं होतं. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणावर जास्त बल लागतं? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेला मुलगाही मोटारीवर म्हणतो. माझी मुलं तशी नाहीत या विश्वासाने मझूर यांनी ती चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलंत तशी की मला वाटतं तशी? निकाल निराश करणारा लागला. वर्षानुवर्षांच्या उत्तम गुणांनी जे सांगितलं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने सांगितलं होतं. पुढे मझूर यांनी मुलांना शेजाऱ्याशी वाद घालून उत्तर ठरवायला लावणारी पद्धत बसवली आणि १९९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं.

आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन? त्यांची व्याख्यानं आमच्या पिढीने पारायणं करून वाचली. १९६१ ते १९६३ या दोन वर्षांत कॅलटेकमध्ये दिलेल्या त्या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत फाइनमन स्वतः लिहितात की विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपण फारसं साधलं नाही असं आपल्याला वाटतं. एक फार गंभीर अडचणही त्यांनी सांगितली आहे: व्याख्यानं कितपत पोचताहेत हे विद्यार्थ्यांकडून कळण्याची सोय त्या रचनेत नव्हती. फाइनमनना जी उणीव बोचली ती आपल्याला बोचू नये, इतके आपण मोठे आहोत का?

इथे कोणी गुरूच्या मानाची गोष्ट काढतं. शिष्याने गुरूच्या शिकवण्यावर बोलणं आपल्या परंपरेत बसत नाही, असं ज्येष्ठ मंडळी कळकळीने म्हणतात. त्यांना मी गीतेचा तिसरा अध्याय उघडायला सांगतो. दुसरा अध्याय ऐकून झाल्यावर अर्जुन श्रीकृष्णाला स्पष्ट म्हणतो की तुझ्या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळली आहे, एक काय ते निश्चित सांग. ज्ञानेश्वरांनी ही तक्रार वैद्याचा दृष्टांत देऊन आणखी धारदार केली. श्रीकृष्ण रागावला नाही, तो पुन्हा समजावू लागला. अर्जुन गप्प बसला असता तर पुढचे अध्याय कोणासाठी सांगितले असते?

आता कार्यालयाचं मत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात वीस प्रश्नांची उत्तरं पर्याय निवडून द्यायची असतात आणि पहिलाच प्रश्न असतो, अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला. मोकळेपणी लिहायला जागा मिळते ती एकविसाव्या प्रश्नात. ते सर्वेक्षण संस्थेचं आहे, त्याचं काम वेगळं. पण तोच साचा उचलून एकेका शिक्षकाला मापायची पद्धत पडली आहे. सेमिस्टर संपता संपता गूगल फॉर्म येतो, मुलं एका दमात सगळीकडे चार-पाचवर टिक करतात, सरासरी निघते, फाइल बंद होते. हा आकडा पदोन्नतीला जोडावा असं म्हणणारेही भेटतात.

त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आकडा शिक्षकाखेरीज इतर गोष्टींनीही हलतो. अमेरिकेत एका ऑनलाइन अभ्यासक्रमात दोन साहाय्यक शिक्षकांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, काही गटांसाठी आपली ओळख बदलून शिकवलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या प्रयोगात, मुलांना शिक्षक पुरुष वाटला की गुण जास्त पडले, मग प्रत्यक्षात शिकवणारं कोणी का असेना. आमच्या विभागातल्या स्त्री-सहकाऱ्यांच्या पदोन्नतीला असला आकडा जोडणं हा उघड अन्याय होईल. दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची. स्तंभिकेची चिठ्ठी ज्या वर्षी आली त्याच वर्षी फॉर्मवर मला पाचपैकी ४.३ मिळाले होते. त्या ४.३ मध्ये स्तंभिका कुठेही नव्हती. शिवाय फॉर्म येतो तेव्हा वर्ग संपलेला असतो. सांगणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही, मग त्याने जीव लावून का सांगावं?

मी काय करतो ते सांगतो. पाचव्या आठवड्यात एका तासाची शेवटची दहा मिनिटं ठेवतो. अर्धा कागद, नाव नाही, भाषा हवी ती. प्रश्न दोनच: गेल्या महिन्यात तुमचं समजणं नेमकं कुठे अडलं? आणि माझ्या कोणत्या सवयीमुळे अडतं? चिठ्ठ्या एका पिशवीत पडतात आणि मी घरी नेऊन त्या दोनदा वाचतो. पहिल्यांदा वाचताना मन स्वतःचा बचाव करत असतं, म्हणून दुसऱ्यांदा.

मागणी आणि अडचण यांत फरक करायला मी या चिठ्ठ्यांतून शिकलो. "न्युमेरिकल जास्त घ्या" ही मागणी दरवर्षी असते. जास्त घेऊन पाहिले, काही फरक पडला नाही. मग वर्गातच विचारलं तेव्हा कळलं, मी सोडवताना त्यांना सगळं समजतं, स्वतः बसलं की पहिली ओळ सुचत नाही. मी आकृती तयार करूनच फळ्याकडे वळत होतो. ती आकृती कशी सुचली, कोणती बलं धरायची आणि कोणती सोडायची, हा सगळा विचार माझ्या डोक्यात होऊन गेलेला असायचा. आता मी कोरा फळा ठेवून मोठ्याने विचार करतो, चुकतो, खोडतो. "नोट्स द्या" ही मागणीही दरवर्षी येते. ती मी मान्य करत नाही, आणि का नाही ते वर्गाला सांगतो. अभिप्राय घेणं म्हणजे प्रत्येक मागणीपुढे मान तुकवणं नव्हे.

एका वर्षी चिठ्ठीत आलं: "चेंडू वर जाताना त्यातला जोर कमी होत जातो, सर्वात वर जोर संपतो, मग खाली येतो. मग वरच्या टोकाला बल शून्य का नाही?" मी ते वाक्य तीनदा वाचलं. चेंडूतला जोर हा आपल्या मराठीतला रोजचा शब्द आहे. क्रिकेट खेळताना मीही तो वापरतो. वर्गात 'फोर्स' म्हटलं की मुलं मनात 'जोर' ऐकतात आणि तो जोर वस्तूच्या आत असतो, वापरला की संपतो. दुसऱ्या दिवशी मी खडू वर फेकला आणि प्रत्येकाला वहीत वर जातानाची, टोकाची आणि खाली येतानाची बलं बाणांनी दाखवायला सांगितली. निम्म्याहून अधिक वह्यांत वर जाताना वरच्या दिशेचा बाण होता. बाकांमधून फिरत मी ते बाण पाहत होतो आणि इतकी वर्षं आपण कोणाला शिकवत होतो, असं मनात येत होतं. त्या तासाला पुढचा धडा झाला नाही. जोर म्हणजे बल नव्हे, तुम्ही ज्याला जोर म्हणता त्याच्या जवळ जाणारी राशी संवेग आहे, आणि हात सुटल्यावर खडूवर, हवेचा किरकोळ रोध सोडला तर, फक्त गुरुत्वाचं बल उरतं, टोकालासुद्धा, एवढ्यावरच तो तास गेला.

यावर हमखास आक्षेप येतो तो वेळेचा. असं थांबत बसलं तर सिलॅबस संपणार कसा? १९९८ साली रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे, मझूर यांनी दिली तसल्याच चाचणीचे, निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं शेवटी किती येऊ लागलं, हा त्यांचा मोजमापाचा आधार. मुख्यतः व्याख्यानांवर चालणाऱ्या वर्गांत ते सरासरी २३ टक्के निघालं. मुलांना बोलतं करून लगेच चूक-बरोबर दाखवणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. व्याख्यान देत सिलॅबस वेळेत संपवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने तो २३ चा आकडा स्वतःच्या वर्गासमोर ठेवून पाहावा. सिलॅबस संपवला कोणी, आणि कोणाचा?

सगळ्या चिठ्ठ्या विषयाच्या नसतात. एकीत होतं: "प्रश्न विचारताना तुम्ही पहिल्या दोन बाकांकडेच बघता. आम्ही मागच्या मुली आहोत." मला ते खोटं वाटलं, रागही आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवलं आणि ते शब्दशः खरं निघालं. वर्गात मी ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि माफी मागितली. मान गेला नाही. त्या वर्षी मागच्या बाकांवरून जेवढे प्रश्न आले तेवढे आधी कधीच आले नव्हते. चिठ्ठ्या घेऊन गप्प बसणारा शिक्षक मात्र दुसऱ्या वर्षी कोरे कागद घेऊन घरी जातो. काय बदलणार आणि काय बदलणार नाही हे पुढच्याच तासाला सांगावं लागतं.

प्राचार्यांना आणि समित्यांना माझी विनंती आहे की शेवटच्या आठवड्यातल्या आकड्यावरून कोणाची बढती ठरवू नका. पाचव्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या शिक्षकाकडेच राहू द्या; त्या वाचून त्याने काय बदललं एवढंच विचारा. आणि विद्यार्थीमित्रांनो, पुढच्या वेळी फॉर्म समोर आला की खाली जी मोकळी ओळ असते ती रिकामी सोडू नका. सर चांगले आहेत किंवा वाईट आहेत असं लिहू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या आकृतीपाशी, कोणत्या शब्दावर तुमचं अडलं ते लिहा. मराठीत लिहा.