डबा कुणाबरोबर खातोस?

श्रमविभागणीचा धडा आपण कसा शिकवतो? १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात मोटारीची सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली, उत्पादन वाढलं, गाडी स्वस्त झाली. झाला धडा! माणसं ते काम सोडून इतकी पळत होती, की १९१४ मध्ये रोज पाच डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट पगार जाहीर करावा लागला, हे मात्र राहून जातं.

पण माणूस नुसत्या पगारावर टिकतो का?

डोनाल्ड रॉय हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका कारखान्यात स्वतः कामगार म्हणून राबले. यंत्राचा दाब मारायचा, साचा सरकवायचा, पुन्हा दाब मारायचा. बारा-बारा तास, आठवड्यातले सहा दिवस. पहिल्याच दिवशी ते कंटाळले आणि थकलेही. खोलीत आणखी तिघं होते. त्यातला एकजण डब्यात केळं आणायचा. दुसरा रोज सकाळी ते चोरायचा आणि 'केळ्याची वेळ झाली!' असं ओरडून खायचा. पहिला रोज चिडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं आणायचा! अशाच पीचच्या, खिडकीच्या, माशाच्या वेळा ठरलेल्या. त्या पोरकटपणावर त्यांचा दिवस सरायचा. पुढे एका थट्टेवरून बिनसलं, बोलणं थांबलं. यंत्रं तीच, काम तेच. पण दिवस सरेना, थकवा परत आला. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी यावर लेख लिहिला.

हे वाचताना मला माझा एक विद्यार्थी आठवला. आयटीआय करून चाकणला कंत्राटी कामावर लागला, चार महिन्यांत परत आला. "सर, काम जड नव्हतं हो. पण आज शेजारी असलेला उद्या नसायचा. बोलणार कुणाशी?" मी त्यालाच झापलं, "नोकरी काय गप्पा मारायला असते का?" चुकलंच माझं.

गप्पांनी पोट भरत नाही, हे खरंच. 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणत ओव्हरटाइम बुडवणारेही असतात. पण दर महिन्याला माणसं बदलत राहिली तर केळं चोरण्याइतकी ओळख होणार कधी? मुलगा नोकरीला लागला की आपण पगार विचारतो, पीएफ विचारतो. हे कुणी विचारत नाही.

दिवाळीत तो भेटला. आता दुसरीकडे आहे, पगार थोडा कमीच. मी विचारलं, "डबा कुणाबरोबर खातोस?" तर चार जणांची नावं आणि कुणाची भाजी कशी असते, हेच सांगत बसला.