सामानाचे भाडे की नडलेल्याची लूट?

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांना निरोप दिला. नांदेड–हैदराबाद हा त्या पहिल्या मार्गांपैकी एक होता. पायात हवाई चपला घालणाऱ्यानेही विमानात बसावे, अशी त्यामागची घोषणा होती. उत्तम! परंतु हा मनुष्य रिकाम्या हाताने प्रवास करील, असे कोणी गृहीत धरले?

पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडाव्याच्या स्थानकात गाडीत चढणारी माणसे पाहावीत. पुण्या-मुंबईस पोटामागे गेलेल्या मुलाकडे निघालेल्या आईच्या गाठोड्यात ज्वारी असते, तुरीची डाळ असते, सुनेसाठी घेतलेली विळीही असते. रेल्वे शयनयानात ४० किलो व दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान फुकट नेऊ देते. देशांतर्गत विमानात स्वस्त तिकिटावर ही मर्यादा सामान्यतः १५ किलोंची आहे. २०२१ साली तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सामानाविना तिकीट स्वस्तात विकण्याची मुभा कंपन्यांना दिली. याच महासंचालनालयाने २०१६ साली १५ ते २० किलोंमधील जादा सामानावर किलोमागे १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली ती मर्यादा मोडीत निघाली.

कंपन्यांचे समर्थक म्हणतात, वजनाला इंधन लागते. ज्याचे ओझे, त्याने पैसे द्यावेत. युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. मग आगाऊ पैसे भरल्यास जादा किलोचा दर कमी आणि विमानतळावरच्या खिडकीशी तोच दर चढा, हे कसे? इंधन तर दोन्ही वेळा तेवढेच जळते! वाढते ते इंधन नव्हे, प्रवाशाची अगतिकता वाढते. विमान सुटण्यास तास उरला असता गाठोडे टाकून देणे किंवा मागतील ते देणे, एवढेच त्याच्या हाती राहते. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात यास मक्तेदाराची दरआकारणी म्हणतात. आठवडी बाजारात याला अडवणूक म्हणतात.

शिवाय विळीसारखी धारदार वस्तू हातच्या पिशवीत नेण्यास सुरक्षेच्या नियमांनीच बंदी आहे. म्हणजे ती विमानाच्या पोटात ठेवण्याची सक्ती शासनाची आणि त्या सक्तीवरची वसुली खाजगी कंपनीची! चामडी पिशवी घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या अधिकाऱ्यास यातले काहीच भरावे लागत नाही. सामानाविना तिकिटाची सवलत त्याच्या पदरात पडते.

ही रीत परदेशी आहे. २००६ साली युरोपात रायनएअरने आणि २००८ साली अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेवर आकार बसविला. अमेरिकेत तिकिटाच्या भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर पडतो, बॅगेच्या आकारावर मात्र पडत नाही. तेव्हा भाडे कमी दाखवून आकार वाढविण्यात कंपन्यांचा दुहेरी लाभ. २०२३ साली तेथील कंपन्यांनी एवढ्या एका बाबीतून सात अब्ज डॉलरांहून अधिक मिळविले.

‘उडान’मधील तोटा भरून काढण्यासाठी इतर मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून निधी उभारला जातो. सार्वजनिक धोरणाच्या आधारे चालणाऱ्या अशा मार्गांवर तरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाइतके, म्हणजे ३५ किलो सामान भाड्यातच धरले पाहिजे. आणि जादा किलोचा दर आगाऊ व खिडकीशी एकच असला पाहिजे. जाहिरातीतही सामानासह होणारे भाडेच ठळक छापण्याची सक्ती हवी.