ज्ञानकुतूहल : बर्लिनचा हिशेबी घोडा

बर्लिन शहराच्या उत्तर भागात उंच इमारतींनी वेढलेले एक फरसबंद अंगण होते. १९०४ सालच्या उन्हाळ्यात तेथे लोकांची गर्दी होऊ लागली. अंगणात एक घोडा उभा असे आणि त्याच्या शेजारी रुंद काठाची टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांचे नाव विल्हेल्म फॉन ओस्टेन. पूर्वी ते शाळेत गणित शिकवीत असत. घोड्याचे नाव हान्स.

"महिन्याची आठ तारीख मंगळवारी आली, तर त्यानंतरच्या शुक्रवारी कोणती तारीख येईल?" असा प्रश्न विचारला जाई. हान्स पुढचा उजवा पाय उचली आणि खूर अकरा वेळा आपटून थांबे. दोनपंचमांश आणि एकद्वितीयांश यांची बेरीज विचारली, तर आधी नऊ टापा, मग दहा टापा, म्हणजे नऊदशांश. अक्षरांचा तक्ता समोर ठेवला की टापा मोजून तो शब्दही जुळवीत असे. बरोबर उत्तराबद्दल त्याला पावाचा तुकडा किंवा गाजर मिळे.

ओस्टेन यांनी या खेळासाठी कोणाकडून पैसा घेतला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जनावरालाही माणसासारखी बुद्धी असते, केवळ त्याला कोणी शिकवीत नाही, अशी त्यांची मनोमन श्रद्धा होती. म्हणून लाकडी खुंट्या, मण्यांची चौकट आणि फळा घेऊन त्यांनी हान्सला वर्षानुवर्षे, एखाद्या विद्यार्थ्याला शिकवावे त्याच चिकाटीने शिकविले होते.

तथापि शंकेखोर लोकही होतेच. सप्टेंबर १९०४ मध्ये तेरा जणांची एक समिती नेमली गेली. मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्प्फ तिचे प्रमुख होते. सर्कशीचा व्यवस्थापक, पशुवैद्य, घोडदळातील अधिकारी आणि शिक्षक असे जाणते लोक तिच्यात होते. सर्कशीतल्या खुणा आणि चलाख्या ज्यांना तोंडपाठ, अशांनी बारकाईने पाहिले. परंतु लबाडी सापडली नाही. ओस्टेन जवळ नसताना परक्या माणसाने विचारले, तरीही हान्स बरोबर उत्तर देई. मालक इशारा करतो, ही शंका तेथेच मावळली.

मग श्टुम्प्फ यांचे तरुण सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी हे काम हाती घेतले. गर्दी दिसू नये म्हणून अंगणात तंबू ठोकण्यात आला. फुंग्स्ट यांनी योजलेली युक्ती इतकी साधी होती की ती आधी कोणालाच सुचू नये, याचे नवल वाटते. आकडे लिहिलेले पत्ते पिसून त्यांतील एक हान्सला दाखवायचा. पण दाखविणाऱ्याने स्वतः तो पाहायचा नाही. ज्याला आकडा ठाऊक असे, त्याने विचारले की हान्स क्वचितच चुके. ज्याला तो ठाऊक नसे, त्याने विचारले की दहांत एखादेच उत्तर बरोबर येई, आणि तेही योगायोगाने.

म्हणजे उत्तर घोड्याच्या डोक्यात नव्हते. ते विचारणाऱ्याच्या डोक्यात होते. पण ते तेथून घोड्यापर्यंत पोहोचत कसे होते?

प्रथम कानांकडे पाहावे. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे फिरतो; एक पुढे, दुसरा मागे, असेही होते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३,००० हर्ट्झपर्यंतचा. आवाज नेमका कोठून आला हे ओळखण्यात मात्र तो आपल्याहून बराच कच्चा आहे. म्हणून तो आधी कान वळवितो आणि मग मान वळवून डोळ्यांनी खात्री करून घेतो. वरातीत नवरदेवाच्या घोडीचे कान ताशाकडे कसे वळतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला घोड्याचे लक्ष कोठे आहे ते कानांवरून सहज कळेल. फुंग्स्ट यांनी नेमके हेच टिपले. प्रश्न विचारला जात असताना हान्सचे कान बोलणाऱ्याकडे वळतच नसत! इतकेच काय, प्रश्न न उच्चारता नुसता मनात धरला तरी उत्तर येई. तेव्हा हान्स ऐकत नव्हता, हे निश्चित झाले.

मग फुंग्स्ट यांनी त्याला झापडे बांधली. मराठीत 'झापडबंद' हा शब्द ज्या वस्तूवरून आला, तीच ही झापडे. विचारणारा माणूस दिसेनासा होताच हान्सचे गणित कोलमडले. तो मान वेळावू लागला, दोरीला हिसके देऊ लागला. काहीही करून त्या माणसाला पाहण्याची त्याची धडपड सुरू झाली.

येथे घोड्याच्या डोळ्याविषयी थोडे सांगावयास हवे. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. तो डोक्याच्या बाजूला असतो, त्यामुळे मान न हलविता घोड्याला स्वतःभोवतीचा जवळजवळ संपूर्ण वेढा दिसतो. कपाळाच्या अगदी पुढे, नाकाखाली आणि पाठीमागे मात्र त्याला दिसत नाही. घोड्याच्या मागून जाऊ नये, असे वडीलधारी सांगतात ते याचमुळे. रंगांच्या बाबतीत तो आपल्याहून गरीब आहे: निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात, पण तांबडा व हिरवा यांत तो गोंधळतो. बारीक अक्षरे वाचावीत इतकी त्याची नजर तीक्ष्णही नाही. पण हालचाल! उघड्या माळरानावर लाखो वर्षे चरत आलेला हा प्राणी. गवताचे पाते वाऱ्याने हलले की त्यामागे दबलेल्या श्वापदाने हलले, हे ज्याला वेळीच कळले नाही, त्याचा वंश पुढे चाललाच नाही. हान्सचा डोळा अशा वारशाचा होता.

तो डोळा काय पाहत होता, हे फुंग्स्ट यांनी अखेर शोधून काढले. प्रश्न संपला की विचारणारा माणूस टापा मोजण्यासाठी नकळत किंचित पुढे वाकून खुराकडे पाही. तेवढ्याने हान्स सुरुवात करी. अपेक्षित आकडा येईपर्यंत माणसाच्या अंगात ताण असे. आकडा आला की ताण सुटे आणि डोके अगदी पुसटसे वर उचलले जाई, कधी मिलिमीटरभराहूनही कमी. त्याच क्षणी हान्स थांबे. ओस्टेन यांच्या टोपीच्या रुंद काठामुळे ही हालचाल थोडी मोठी दिसत असावी. पुढे फुंग्स्ट यांनी काही न विचारता नुसते वाकून पाहिले, तर हान्स टापा देऊ लागला. अधिक वाकले, तर टापांचा वेग वाढला.

दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या अनुभवी माणसालाही यातले थोडे साधते. भाव ऐकताना गिऱ्हाइकाची भुवई किती हलली, यावरून त्याला माल घ्यायचा आहे की नाही, हे ते ओळखतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, तो आकडा इतरांना कळू नये म्हणूनच. पण गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणारा तो गादीवरचा माणूस निदान माणसाचाच चेहरा वाचतो. हान्स एका परक्या जातीच्या प्राण्याचे शरीर वाचत होता, आणि समितीतील तेरा जाणत्यांच्या डोळ्यांदेखत ते त्यांच्यापैकी एकालाही दिसले नव्हते. अलीकडे, २०१६ साली, इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखविली. रागावलेला चेहरा पाहताना घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले आणि ते चित्राकडे डाव्या डोळ्याने पाहू लागले.

फुंग्स्ट एवढ्यावर थांबले नाहीत. प्रयोगशाळेत ते स्वतःच घोडा झाले! समोरच्याने एखादा आकडा मनात धरायचा आणि फुंग्स्ट यांनी हाताने टकटक करीत त्याच्या डोक्याकडे पाहायचे. अशा पंचवीस जणांपैकी दोघांखेरीज सर्वांनी आपला आकडा नकळत उघड केला. 'मी हललोच नाही,' असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. खुद्द फुंग्स्ट यांना सारे गुपित ठाऊक होते, तरी हान्ससमोर उभे राहून उत्तर मनात धरले की त्यांना स्वतःचे डोके स्थिर ठेवता येईना. घोडा त्यांनाही वाचीतच राहिला.

औषधाची परीक्षा घेताना खरी गोळी कोणाला दिली हे तपासणाऱ्या डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात. वासावरून वस्तू शोधणाऱ्या कुत्र्याची कसोटी घेताना, ती कोठे ठेवली आहे हे त्याला नेणाऱ्याला न सांगणे इष्ट मानतात. अशा काळजीमागचे कारण समजावताना शास्त्रज्ञ आजही हान्सचे नाव घेतात.

फॉन ओस्टेन यांना मात्र हा निष्कर्ष कधीच पटला नाही. लबाडीचा आरोप त्यांच्यावर कोणी सिद्ध केला नव्हता, उलट त्यांचा प्रामाणिकपणा मान्य झाला होता; परंतु त्याने त्यांचे समाधान झाले नाही. ज्या विद्यार्थ्यासाठी इतकी वर्षे वेचली, त्याला एक अधिक एकही येत नाही, हे ऐकणे त्या वृद्ध शिक्षकाला असह्य झाले. पुढील परीक्षांना त्यांनी अंगणाचे दार बंद केले. १९०९ साली ते वारले. हान्स त्यानंतर एल्बरफेल्ड गावच्या कार्ल क्राल या धनवान जवाहिऱ्याकडे गेला. क्राल यांनी आणखी घोडे विकत घेतले आणि त्यांच्यापुढेही आकड्यांचा फळा मांडला.