क्लोव्हर तण नव्हे, हिरवळीचा बेवड

न्यू जर्सीत किंवा मिनेसोटात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच वसंतात दारावर अडकवलेली एक चिठ्ठी सापडते. लॉनची निगा राखणाऱ्या एखाद्या कंपनीचा माणूस बाहेरूनच अंगण पाहून गेलेला असतो. चिठ्ठीत तणांची यादी असते: डँडेलियन, क्रॅबग्रास, क्लोव्हर. खाली फवारणीचे दर. नवं घर, नवी वस्ती, शेजाऱ्यांत नाव खराब नको, म्हणून बहुतेक जण सही करून मोकळे होतात. त्या यादीतलं तिसरं नाव तिथे असायला नको.

पांढरं क्लोव्हर ही शेंगवर्गातली, आपल्या मेथीच्या आणि लसूणघासाच्या जवळच्या नात्यातली वनस्पती. तीन पानांची जुळणी मेथीसारखीच. मात्र पानांवर बहुधा बाणाच्या टोकासारखा एक फिकट पांढरा पट्टा असतो. पुष्कळांना क्लोव्हर आणि आंबुटी एकच वाटतात. आंबुटीची पानं बदामाच्या आकाराची, चव आंबट आणि फूल पिवळं असतं. क्लोव्हरची पानं लंबगोल आणि फूल पांढऱ्या गोंड्यासारखं. खात्री करायची असेल तर ओल्या मातीतून एक रोप हळूच उपटावं. मुळांवर खसखशीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गाठी दिसतात. नखाने एक फोडली तर आतून गुलाबी निघते. हा गुलाबी रंग म्हणजे गाठ काम करत असल्याची खूण. आतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. मुळं आणि गाठी कुजल्या, कापलेली पानं जागीच पडली, की ते नत्र शेजारच्या गवताला मिळतं.

हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्याने जमिनीत मागे ठेवलेला कस, गव्हाला चांगला, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. न्यूझीलंडची चराऊ कुरणं कित्येक दशकं रायगवत आणि पांढरं क्लोव्हर या जोडीवर उभी राहिली. अमेरिकेतल्या घरमालकालाही हे ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धाआधी लॉनच्या बियाण्याच्या पिशवीत क्लोव्हर सर्रास मिसळलेलं असे आणि ते चांगल्या मिश्रणाचं लक्षण मानलं जाई.

मग ते तण कधी झालं? 1944 मध्ये अमेरिकी कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी 2,4-डी हे रसायन गवताला धक्का न लावता डँडेलियनसारखी रुंद पानांची तणं मारतं, असं दाखवून दिलं. युद्ध संपताच ते बाजारात आलं. अडचण एवढीच की या औषधाला रुंद पानांचं तण आणि रुंद पानांचं क्लोव्हर यांतला फरक कळत नाही. क्लोव्हर त्यातूनही थोडंफार तग धरी. पुढे मेकोप्रॉप आणि डायकाम्बा या तणनाशकांची जोड मिळाल्यावर तेही संपलं. औषधाला क्लोव्हर वाचवता येईना, तेव्हा क्लोव्हरलाच तणांच्या यादीत बसवण्यात आलं. त्यानंतर गवताला लागणारं नत्र पिशवीतून विकत आणणं ओघानेच आलं. वनस्पती तीच राहिली. बदलली ती फक्त यादी.

क्लोव्हरवरचा सर्वांत मोठा आक्षेप मधमाश्यांचा, आणि तो खोटा नाही. गोंडे फुलले की माश्या येतात, आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडू शकतो. ज्या घरात कुणाला माशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी आहे, तिथे क्लोव्हर लावू नये, हे स्पष्टच सांगायला हवं. बाकीच्यांनी मुलं खेळतात तो भाग आठवड्याला कापावा. गोंडे फारसे राहत नाहीत आणि माश्याही फारशा फिरकत नाहीत. उरलेल्या कोपऱ्यात त्यांना येऊ द्यावं. मिनियापोलिसच्या उद्यानांत अभ्यासकांना पांढऱ्या क्लोव्हरवर पन्नासहून अधिक जातींच्या मधमाश्या आढळल्या. मिनेसोटा राज्य तर 2019 पासून घरमालकांना असं माश्यांना पोसणारं अंगण करण्यासाठी अनुदान देतं.

दुसरा आक्षेप सोसायटीच्या नियमांचा. तोही आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. मेरीलँडने 2021 मध्ये कायदा करून परागीभवन करणाऱ्या कीटकांना उपयोगी पडणाऱ्या आणि पाणी वाचवणाऱ्या बागांवर घरमालक संघटनांनी अवाजवी बंधनं घालण्यास मनाई केली.

पण क्लोव्हरच्या भक्तांचंही सगळं मान्य करता येत नाही. नुसत्या क्लोव्हरचं लॉन लावा, पाणी नको, कापणी नको, असं सांगणारे चुकीचं सांगतात. बियाण्यातून निघालेलं सोटमूळ एक-दोन वर्षांत मरतं. मग रोप जगतं ते जमिनीलगत सरपटणाऱ्या फांद्यांना फुटलेल्या उथळ मुळांवर. त्यामुळे कडक दुष्काळात ते विरळ होतं. कडाक्याच्या थंडीत पानं झडतात आणि उघडी माती चिखल होते. रोजच्या फुटबॉलखाली ते चिरडतं, दाट सावलीत टिकत नाही. हे थंड हवेचं रोप आहे. पुण्या-नागपूरच्या अंगणासाठी त्याचं बी मागवण्यात अर्थ नाही. त्याची खरी जागा गवतात मिसळून आहे, गवताच्या जागी नाही.

निवड फारशी अवघड नाही. साधं पांढरं डच क्लोव्हर स्वस्त आणि चिवट आहे. बारीक पानांचं मायक्रोक्लोव्हर महाग, पण बुटकं, कमी फुलणारं आणि गवतात मिसळून जाणारं. खारवट किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीला स्ट्रॉबेरी क्लोव्हर बरं. लाल क्लोव्हर चाऱ्याचं पीक आहे, लॉनसाठी ते फार उंच होतं. किरमिजी क्लोव्हर एका हंगामात आटोपतं.

पेरणी वसंतात करावी, नाहीतर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे दहिवर पडून गोठण्याआधी रोपाला निदान सहा आठवडे मिळतील. आधी मातीचा सामू (pH) तपासावा. 6 ते 7 असेल तर उत्तम. गवत अगदी आखूड कापून दंताळ्याने माती उघडी होईपर्यंत ओरबाडावी. हजार चौरस फुटांच्या उभ्या गवतात 60 ते 110 ग्रॅम बी पुरतं. हे फार थोडं वाटतं, पण एका ग्रॅममध्ये दीड हजारांहून अधिक दाणे असतात. मूठभर बी चार मुठी कोरड्या वाळूत कालवून एकदा उभं, एकदा आडवं फेकावं. बी खोल गाडू नये. पाव इंच माती पुष्कळ झाली. उगवेपर्यंत आठ-दहा दिवस वरची माती ओली ठेवावी.

बियाण्याला रायझोबियम चोळायचं ते क्लोव्हरसाठीचंच. हरभऱ्याचं इथे चालत नाही. लेप दिलेलं बी घेतलं तर लेपाचं वजन वजा करून मोजावं. रोपं रुजली की नत्राचं खत थांबवावं, कारण खतावर गवत माजतं आणि क्लोव्हरला दाबून टाकतं. कापणी तीन इंचांवर ठेवावी.

आणि पेरणीच्या आधी गॅरेजमधली पिशवी बाहेर काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. खत आणि तणनाशक एकत्र असलेल्या त्या पिशवीवर 2,4-डी, मेकोप्रॉप किंवा डायकाम्बा यांतलं एकही नाव असेल, तर ती लॉनवर पुन्हा टाकू नये. फवारणीचा करार चालू असेल, तर बी विकत घेण्याआधी तो रद्द करावा.