मगर पकडली, पुढच्या प्रवासाचे काय?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराने वडोदरा शहराला वेढले, तेव्हा पाण्याबरोबर मगरीही वस्त्यांत शिरल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखाते आणि स्वयंसेवक यांनी २४ मगरी पकडल्या. सर्वांत लहान मगर दोन फुटांची होती, तर सर्वांत मोठी चौदा फुटांची. साप, कासवे वगैरे इतर ७५ प्राणीही त्यांनी सुखरूप बाहेर काढले. विश्वामित्रीत सुमारे ४४० मगरी असल्याचे वनखाते सांगते. त्यामुळे हा प्रसंग नवलाचा नव्हता. नवल होते ते एका चित्रफितीचे.

स्कूटरवरून दोन तरुण मगर नेत आहेत, तिचे तोंड बांधलेले आहे आणि मागे बसलेल्याने ती मांडीवर आडवी धरली आहे, असे ते दृश्य. देशभर त्यावर हसू उसळले. ते तरुण मगर वनखात्याच्या कार्यालयात पोहोचवीत होते. त्यांच्या धाडसाला दाद द्यावीच लागेल. पण सरकारी संरक्षणातील प्राणी खासगी स्कूटरवरून न्यावा लागतो, ही उणीव त्यांची नव्हे.

प्राणी पकडला की सुटका झाली, असे आपण मानतो. मगरीच्या बाबतीत खरा धोका त्यानंतर सुरू होतो. झटापटीत तिच्या स्नायूंत दुग्धाम्ल साचते आणि रक्त आम्लधर्मी होते. मोठी मगर वरकरणी शांत दिसते, पण पकडल्यानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, दगावू शकते. म्हणून झटापट थोडक्यात आटोपावी, डोळे ओल्या कापडाने झाकावेत आणि जबडा बांधताना नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. लांब जनावर फळीला बांधून सरळ ठेवावे लागते. शीतरक्ती असल्याने ती स्वतःचे तापमान राखू शकत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद टेम्पोत ती अक्षरशः भाजते. माणसांचा गलका आणि मोबाइलचे कॅमेरे यांचा ताण वेगळाच.

कायद्याची स्थितीही चमत्कारिक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीला सर्वोच्च संरक्षण आहे. तिला पकडण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. वाहतुकीसाठी मात्र १९७८ चे प्राणी वाहतूक नियम आहेत. त्यांत कुत्री-मांजरे, माकडे, गुरे, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत, पुढे कोंबड्या आणि डुकरांचीही भर पडली. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी प्रकरण नाही. बाजारात नेल्या जाणाऱ्या बकरीच्या प्रवासाचे नियम कागदावर तपशीलवार आहेत. जिला मारल्यास तुरुंगवास होतो, त्या मगरीच्या प्रवासाचे नाहीत.

वडोदऱ्याचा धडा गोव्यासाठी दूरचा नाही. कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे आणि बोरीत आजही चिखलाची मगर करून 'मानगे थापणी' पुजली जाते. पावसाळ्यात घरात शिरलेला नाग अथवा अजगर पकडून दुचाकीवरून जंगलात सोडणारे तरुण गोव्यातल्या गावोगावी दिसतात. त्यांच्याकडे पिशवी असते, कधी बरणी असते. हवेशीर पेटी मात्र क्वचितच.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक वनपरिक्षेत्राला छायेची, हवा खेळती राहील अशी एक पिकअप गाडी हवी. दोन-तीन आकारांच्या लाकडी पेट्या, फळ्या आणि पट्टे हवेत. पूरग्रस्त वस्तीत गाडी जाणारच नसेल, तर बोटीची सोय आधी ठरलेली असावी. प्राणी कोणी पकडला, किती वाजता, कुठे सोडला आणि तो जगला का, याची नोंदवही हवी. आज सुटकेचे आकडे खात्याकडून लगेच जाहीर होतात, पण सोडल्यानंतर किती प्राणी जगले हे त्या आकड्यांत नसते. वडोदऱ्यातील मगरी पाणी ओसरल्यावर पुन्हा विश्वामित्रीत सोडण्याचे ठरले होते. अधिवासाजवळच सोडणे योग्यच आहे. दूरच्या जलाशयात नेलेली मगर बऱ्याचदा जुन्या जागी परतू पाहते आणि वाटेत पुन्हा वस्तीत शिरते.