विकासात अडखळणारी बालके : पहिली सहा वर्षे कोणाच्या भरवशावर?

नवी दिल्ली – दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला त्याने मान्यता दिली आणि स्वमग्नतेचा त्यात समावेश केला. या कायद्याचे कलम ३१ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकाला वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. परंतु बोलणे उशिरा सुरू होणे, हाकेला प्रतिसाद न देणे, आवाजाने बिथरणे, एका जागी क्षणभरही न टिकणे या अडचणी पालकांच्या नजरेस येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तेव्हापासून सहाव्या वर्षापर्यंतचा काळ हा मेंदूच्या वाढीचा महत्त्वाचा काळ असतो. नेमक्या याच काळात बालकाचा सारा भार घरावर, आणि घरातही बहुतेक वेळा एकट्या आईवर राहतो.

राजधानीतील करोल बाग हा या विसंगतीचा बोलका नमुना म्हणता येईल. उपचारसंस्थांच्या बाबतीत देशातील फार थोड्या वस्त्या इतक्या सुदैवी असतील. शेजारच्या राजेंद्र नगरात सर गंगाराम रुग्णालय असून तेथे बालविकास चिकित्सालय चालते. केवळ बालकांसाठी असलेले कलावती सरन रुग्णालय लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे नाव मिरवणाऱ्या विष्णु दिगंबर मार्गावर पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र शासनाने १७ जून २०२१ रोजी देशात जी चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली, त्यांपैकी एक या संस्थेत आहे. मुंबईतील केंद्र वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आहे. करोल बागेपासून हे सारे चार-पाच किलोमीटरच्या आत येते आणि डिसेंबर २००५ पासून दाराशी मेट्रोही आहे. अंतर ही येथील अडचण नव्हे.

अडचण कशाची आहे, हे समजण्यासाठी या वस्तीतील राहणी पाहावी लागते. करोल बागेत सोन्याचांदीच्या कारागिरीची जुनी परंपरा आहे. गलाईच्या व्यवसायानिमित्त सांगली-सातारा भागातून देशभर पांगलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही येथेही स्थिरावली आहेत. खाली दुकान किंवा कारखाना आणि वर भाड्याची एक-दोन खोल्यांची जागा, अशी ही राहणी असते. गावाकडची आजी, आत्या, मावशी यांचा आधार हजार-दीड हजार किलोमीटर दूर राहिलेला असतो. रात्री दोन वाजेपर्यंत न झोपणारे, पलंगावरून सतत उड्या मारणारे मूल अशा घरात असेल, तर पहिली तक्रार खालच्या मजल्यावरून येते. दुसरी घरमालकाकडून येते. डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोहोचण्यास त्यानंतरही बराच अवधी जातो.

रस्त्यावर उतरल्यावर प्रश्न आणखी कठीण होतो. अजमल खान मार्ग २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला, तरी आसपासच्या गल्ल्यांतील भोंगे, विक्रेत्यांच्या आरोळ्या, दुकानांचे प्रखर दिवे, तळणाचा वास आणि माणसांची दाटी कमी झाली नाही. बहुतेकांचा मेंदू यातील बऱ्याच गोष्टी न कळत गाळून टाकतो. काही बालकांच्या मेंदूला ही गाळणी नीट जमत नाही. त्यांना प्रत्येक आवाज सारख्याच जोराने ऐकू येतो, अंगरख्याच्या आतली चिठ्ठी सुईसारखी टोचते, कोणाचा धक्का लागला तरी तो मार वाटतो. अशा वेळी मूल कानांवर हात ठेवते, जमिनीवर लोळते, चावते किंवा वाट फुटेल तिकडे धावत सुटते. याउलट काही बालकांना संवेदना पुरेशा जाणवत नाहीत. ती स्वतःभोवती गरगर फिरतात, भिंतीवर आदळतात, दिसेल ते तोंडात घालतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेत संवेदनांना मिळणारा असा कमी-अधिक प्रतिसाद स्वमग्नतेच्या लक्षणांत प्रथमच समाविष्ट करण्यात आला.

बघणाऱ्याला मात्र तो हट्ट दिसतो. हट्ट आणि हा उद्रेक यांत फरक आहे. हट्ट करणारे मूल समोरच्याकडे अधूनमधून पाहत असते, त्याला काही हवे असते आणि ते मिळाले की रडणे थांबते. संवेदनांच्या माऱ्याने कोसळलेल्या मुलाला काहीच नको असते. खेळणे देऊन ते शांत होत नाही, धपाटा घालून तर अधिकच बिथरते. त्याला लागते ती शांत जागा, मंद उजेड आणि थोडा वेळ. हा भेद ज्या पालकांना एकदा उमगतो, ते बाजाराची वेळ बदलतात. करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो. मुलाला रस्त्याची, दुकानांच्या रांगांची आणि मेट्रोच्या जिन्याची ओळख करून द्यायला याहून चांगला दिवस नाही. ही युक्ती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण कामाची आहे.

आईवर ठपका ठेवण्याची रीत केवळ आपल्याकडची नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतरची दोन दशके पाश्चात्त्य वैद्यकविश्वात आईच्या भावशून्यतेमुळे मूल असे होते, हा समज प्रबळ होता. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून त्याला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली. वास्तविक बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अवस्था असल्याचे मांडले होते. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. आज तो जुना सिद्धांत शास्त्रातून हद्दपार झाला आहे. घरात मात्र तो नव्या वेषात टिकून आहे. ‘मोबाईल हातात दिला म्हणून असे झाले’, ‘एकटेच वाढले म्हणून बोलत नाही’, ही त्याची आजची रूपे. लहान वयात पडद्यासमोर फार वेळ घालवल्याने भाषाविकासाला अडथळा येतो हे खरे. परंतु त्यावरून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की निदानाचे सहा-आठ महिने हमखास वाया जातात.

अशी बालके किती आहेत? इनक्लेन न्यासाच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कांगडा, पलवल, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार बालकांची त्यात तपासणी करण्यात आली होती. दोन ते सहा वर्षांखालील वयोगटात ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या गटात १३.६ टक्के बालकांना मेंदूविकासाशी संबंधित किमान एक अडचण असल्याचे आढळले. दृष्टी, श्रवण आणि अपस्माराचे विकारही यात मोजलेले आहेत, त्यामुळे हा सारा आकडा वर्तनाच्या अडचणींचा समजू नये. तरीही बालवाडीच्या प्रत्येक वर्गात असे एखादे-दुसरे मूल असणार, हे त्यातून स्पष्ट होते.

या बालकांना लवकर हुडकून काढण्याची व्यवस्था कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांतील मुलांना एकदा तपासावे, संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. २०१६ च्या कायद्यानेही सर्व बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी बंधनकारक केली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर झाली. पण करोल बागेसारख्या वस्तीत दुकानदाराचे, कारागिराचे किंवा नोकरदाराचे मूल अंगणवाडीत जात नाही. ते गल्लीतल्या खासगी बालवर्गात जाते. तेथे हे पथक येत नाही. महिनाभरात शिक्षिका सांगते की मूल बसत नाही, इतरांना ढकलते, तेव्हा सध्या घरीच ठेवा. शासनाची नजर पडण्याआधीच मूल असे वर्गाबाहेर गेलेले असते. पुण्या-नागपुरातील मध्यमवर्गीय घरांचा अनुभव याहून फारसा वेगळा असण्याचे कारण नाही.

पुढची वाट खासगी उपचार केंद्रांकडे जाते. वाचोपचार, व्यवसायोपचार, वर्तनोपचार यांच्या आठवड्याला तीन-चार बैठका, प्रत्येकीचे शुल्क वेगळे. चांगले उपचारक अनेक आहेत, यात शंका नाही. मात्र या क्षेत्रात आश्वासनांचाही सुकाळ आहे. संवेदन-एकात्मता उपचारांची मांडणी अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी केली, त्यावरील त्यांचे पुस्तक १९७२ चे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्ये यासंबंधी सावधगिरीची भूमिका घेतली. असे उपचार व्यापक योजनेचा भाग म्हणून स्वीकारता येतील, परंतु त्यांच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित आहे आणि संवेदन-प्रक्रियेचा विकार हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असे तिने स्पष्ट केले. मूलपेशींच्या इंजेक्शनांबाबत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेवर हा उपचार करण्याची शिफारस करता येत नाही, असे सांगितले. ‘पूर्ण बरे करू’ म्हणणाऱ्या केंद्रापासून दूर राहणेच शहाणपणाचे. उपचारकाचा नोंदणी क्रमांक विचारण्यात पालकांनी संकोच करू नये.

मराठी कुटुंबांना आणखी एक सल्ला वारंवार मिळतो : घरात मराठी बंद करा, मुलाशी फक्त हिंदीत किंवा इंग्रजीत बोला. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि उपचारकाकडे तिसरी, यामुळे मूल गोंधळते, असा त्यामागचा तर्क. तो सहज पटतो, पण संशोधनाचा त्याला आधार नाही. स्वमग्न बालकांच्या बाबतीतही दोन भाषांच्या सहवासाने भाषाविकास मागे पडतो, असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. हानी होते ती वेगळ्याच मार्गाने. ज्या भाषेत आईला अंगाई येते, लटके रागावता येते, चिऊ-काऊच्या गमती सांगता येतात, ती भाषा काढून घेतली की तिचे मुलाशी बोलणे आज्ञांपुरते उरते. बोलायला शिकणाऱ्या मुलाजवळचे बोलणेच असे आटते.

पालकांना केवळ फी भरणारे न मानता उपचाराचे कर्ते मानावे, हा विचार दिल्लीला नवा नाही. स्वमग्न मुलाची आई असलेल्या मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापन केली. जसोला येथील तिच्या केंद्रात आई किंवा वडील मुलासह सुमारे तीन महिने येऊन राहतात आणि आपल्याच मुलाला शिकवायला शिकतात. देशाच्या दूरदूरच्या भागांतून कुटुंबे त्यासाठी दिल्ली गाठतात.

गोव्यात यापुढचे पाऊल टाकले गेले. ‘संगथ’ संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न बालकांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. तज्ज्ञ नसलेले, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा कुटुंबाला भेटत. आई-मुलाच्या खेळाचे चित्रीकरण करून ते आईलाच दाखवत. मुलाने कोठे पाहिले, कधी हात पुढे केला, आपण घाई करून त्याची संधी कशी घालवली, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. या कुटुंबांत पालकांचे मुलाच्या कलाने वागणे वाढले आणि मुलेही आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच मोजमापे सुधारली नाहीत. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष गुंतवण्याचा काळ उलट कमी झाला. तरीही तज्ज्ञांच्या तुटवड्यावर हा मार्ग व्यवहार्य आहे, एवढे सिद्ध झाले. याच धर्तीची मोठी चाचणी पुढे दिल्लीत हाती घेण्यात आली.

मात्र पालकाने उपचारक व्हायचे, तर त्याला वेळ हवा. केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची अटही नाही. हिमाचल प्रदेशातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अशा रजेचा संबंध थेट स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाच्या घटनात्मक हमीशी जोडला. करोल बागेच्या दुकानात मोजणीला बसणाऱ्या किंवा घरी शिवणकाम करणाऱ्या आईला यातले काही लागू नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो आणि त्यात नियमित उपचारांच्या बैठकाही धरल्या जातात, ही जमेची बाजू. पण त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अतिचंचलतेला कायद्याच्या एकवीस प्रकारांत स्वतंत्र स्थान नाही, केवळ संवेदनांच्या अडचणीला तर नाहीच. अशा बालकाचे पालक रुग्णालयाच्या रांगेत सकाळ घालवून अनेकदा रिकाम्या हाताने परततात.

शाळाप्रवेशाचा टप्पा आला की पुन्हा नियमांचे आश्वासन सुरू होते. दिल्लीतील खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी तीन टक्के जागा राखीव असतात. प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक असावेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये बजावले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे निश्चित करून भरती करण्यास पुन्हा सांगावे लागले. किती बालकांसाठी किती पदे, याचा हिशेब बालकांच्या मोजणीवर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार नोंदले गेले होते आणि स्वमग्नतेचा रकाना त्यात नव्हता. पुढील जनगणनेतील लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये नियोजित आहे. २०१६ च्या कायद्यानंतरची ती पहिलीच मोजणी ठरेल.