आलेखातला खळगा पुसू नका

प्रयोगवहीतले आलेख इतके गुळगुळीत का असतात? एखादी नोंद रेषेबाहेर पडली, की ती खोडरबराने पुसायची आणि पुस्तकातल्यासारखा वक्र ओढायचा, ही आपल्याकडे रीतच झाली आहे. ही रीत मोडायची, तर शाळेच्या विज्ञानमंडळाने एक वक्रदर्शक स्वतः जुळवावा, आणि तोही रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हॉल्व्हच का? कारण त्याच्या पोटात काय चालते ते डोळ्यांपुढे आणता येते. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात, धनाग्र त्यांना ओढते, मधली जाळी त्यांना आवरते. (व्हॉल्व्ह इतिहासजमा झाले असे समजू नका, गिटारच्या प्रवर्धकांत ते आजही तापत असतात.)

आता चार अग्रांची नळी, म्हणजे टेट्रोड, घ्या. तिच्या पडदा-जाळीला १०० व्होल्ट दिले आणि धनाग्राचा दाब शून्यापासून वाढवत नेला, तर प्रवाह आधी वाढतो. मग दाब वाढत असूनही चक्क घटतो, आणि पुन्हा वाढतो. धनाग्रावर आदळणारे इलेक्ट्रॉन तिथले दुसरे इलेक्ट्रॉन उडवतात, आणि पडदा-जाळीचा दाब जास्त असेतो ते तिकडे पळतात. हा खळगा टाळण्यासाठीच पुढे पाच अग्रांची पेंटोड नळी आली. वीस-वीस व्होल्टांनी नोंदी घेणाऱ्याला या खळग्यात एखाद-दुसरीच नोंद सापडते, आणि पुसली जाते ती नेमकी तीच!

वक्रदर्शक काही पुसत नाही. त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि डायोड मिळून धनाग्राला शून्य ते दीडशे व्होल्ट असा चढउतार सेकंदाला ५० वेळा देतात. परतीच्या तारेत १०० ओहमचा रोध घालावा. ५ मिलिअँपिअर वाहिले, की त्याच्या टोकांमध्ये ०.५ व्होल्ट मिळतो. हा दाब दोलनदर्शकाच्या उभ्या अक्षाला आणि धनाग्राचा दाब आडव्या अक्षाला जोडावा. दर फेरीला पहिल्या जाळीचा दाब एकेक पायरीने बदलला, की वक्रांचे अख्खे कुटुंब पडद्यावर उमटते. पाच पायऱ्या असतील तर पूर्ण चित्र सेकंदाला दहाच वेळा येते, म्हणून ते थरथरते. थरथरू दे. मीटर वाचत बसलो तर नळी जिथे फाजील तापेल, तिथूनही हा वक्र क्षणात निघून जातो.

आयते वक्र पाहून मुले आळशी होतील, असे काही शिक्षकांना वाटते. मला ते पटत नाही. पडद्यावरच्या रेषेला आकडे आपणच द्यायचे असतात, आणि तो रोध खरोखर १०० ओहमचा आहे का, हेही आपणच तपासायचे असते. मात्र एक वक्र आधी हाताने काढून मगच पडद्याशी ताडावा. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे बोट ठेवून विचार करावा.

दीडशे व्होल्ट जीव घेऊ शकतात, हे विसरू नका. म्हणून सुरुवात ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर साध्या डायोडने आणि एक किलोओहमच्या रोधाने करा; तत्त्व तेच आहे. व्हॉल्व्हचे काम शिक्षक समोर असतानाच करावे. बटण बंद केल्यावरही पडदा-जाळीच्या पुरवठ्यातील संधारकात विद्युतभार उरतो. मीटरवर दाब शून्य दिसेपर्यंत आतल्या तारांना हात लावू नये.